मानसोपचार वॉर्डातला ओटी म्हणजे अर्धा सायकॉलॉजिस्ट का?

एका इंटर्न मुलीने विचारलेला प्रश्न असा : "मॅडम, मी बीओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचाराच्या पदवीच्या) इंटर्नशिपमध्ये आहे, सध्या सायकियाट्री पोस्टिंग सुरू आहे. सायकोडायनॅमिक, बिहेवियरल, कॉग्निटिव्ह, ह्युमनिस्टिक अशा सगळ्या फ्रेम्स ऑफ रेफरन्स, म्हणजे पेशंटकडे बघण्याच्या चौकटी, आम्ही परीक्षेसाठी पाठ केल्या. वॉर्डात मात्र पाकिटं चिकटवणं, कॅरम आणि शुक्रवारी भजन. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी, तर सायकॉलॉजिस्टच करतात. मग आपण हे मानसशास्त्र शिकतो कशासाठी? आपण अर्धे सायकॉलॉजिस्ट आहोत का?"

नाही. आणि 'अर्धे' म्हणण्यातच घोटाळा आहे. अर्धे म्हटलं की उरलेल्या अर्ध्यात काय, असा प्रश्न येतो आणि मग तिथे लोक कागदी पिशव्या भरतात.

तसा आपल्या नावाचाही घोळच आहे. 'ओटी' म्हटलं की लोक ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतात. 'व्यवसायोपचार विभाग' ही पाटी वाचून एका पेशंटच्या काकांनी मला विचारलं होतं, "मॅडम, धंद्याच्या कर्जासाठी इथून पत्र मिळतं का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. माणूस दिवसभरात जे जे करतो, म्हणजे दात घासण्यापासून दुकान चालवण्यापर्यंत, ते सगळं आपल्या 'व्यवसाया'त येतं, हे पाटीवरून कोणाला कळणार?

आता मुद्द्यावर येते. एक बाई होत्या, सेहेचाळीस वर्षांच्या. (या उत्तरातल्या सगळ्यांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.) नैराश्य. दोन महिने गोळ्या नीट चालू होत्या, झोप आली होती, भूक आली होती, केसपेपरवर सुधारणा लिहिलेली होती. पण बाई घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायच्या. नवरा बाहेरून डबा आणायचा. विचारलं की एकच वाक्य : "मला आता काही जमत नाही." समोरासमोर खुर्चीत बसून या वाक्याशी तासभर बोललं तरी ते हलत नाही, कारण त्यात हाताला लागेल असं काही नसतं.

मी त्यांना विभागातल्या शेगडीपाशी नेलं. दोन कप चहा करायचा, एक त्यांचा, एक माझा. गॅस पेटवण्याआधी एका कार्डावर लिहून घेतलं : शंभरपैकी किती जमेल, नेमकं काय बिघडेल आणि बिघडलं तर काय होईल. त्यांनी लिहिलं, "१०. दूध उतू जाईल, साखर विसरेन. तुम्ही पिणार नाही." मग चहा झाला. दूध उतू गेलं नाही. साखर खरंच विसरल्या. गाळून झाल्यावर चमचाभर चाखून पाहिला, काही न बोलता डबा उघडला, साखर घातली, ढवळलं. मी चहा प्यायले. "आता किती द्याल?" "तीस." "तीसच का?" "तुम्ही शेजारी उभ्या होतात म्हणून झाला."

या एका वाक्यासाठी मी तो सगळा खटाटोप केला होता. 'जमत नाही' हे वाक्य आता उलगडलं होतं : जमलं तरी ते माझं नाही, शेजारच्या माणसाचं. अशा विचाराला कॉग्निटिव्ह थेरपीत नाव आहे, त्या थेरपीचे जनक ॲरन बेक यांची मांडणी तू वाचलीच असशील. पण तो विचार चालू असताना, वाफ निघत असताना पकडणं ही आपली जागा आहे. दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर उभी राहिले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर होते आणि चहा वॉर्डातल्या मावशींना दिला गेला. आकडा ३० वरून ४५ झाला, मग खाली ४० वर आला, कारण त्या दिवशी दूध खरोखर उतू गेलं. ते फार बरं झालं. ओटा पुसला, उरलेल्या दुधात चहा केला, आणि 'बिघडलं तर काय होईल' या रकान्यात पहिल्यांदा अंदाजाऐवजी घडलेली गोष्ट लिहिता आली.

माणसाला स्वतःच्या क्षमतेबद्दल भरवसा कुठून येतो, याचे चार स्रोत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडले : स्वतः करून पाहिलेलं, दुसऱ्याला करताना पाहिलेलं, कोणीतरी समजावलेलं, आणि शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सगळ्यात जड पारडं पहिल्याचं. समजावणं त्याच्या खूप खाली येतं. आता तूच बघ, आपल्या विभागात शेगडी आहे, सुईदोरा आहे, सुतारकामाचं टेबल आहे, बाहेर रस्त्यावर बसथांबा आहे. पहिल्या स्रोताची सगळी सामग्री आपल्या हातात असताना आपण पेशंटला समजावत बसलो तर दोष कोणाचा?

पण नुसती सामग्री असून भागत नाही. त्या बाईंना मी पहिल्या दिवशी चहाऐवजी पाणी उकळायला सांगितलं असतं, तर ते शंभर टक्के जमलं असतं आणि काहीच सिद्ध झालं नसतं. "एवढं तर पोरंही करतात" म्हणून त्यांनी ते झटकून टाकलं असतं. पुरणपोळी सांगितली असती तर 'जमत नाही'वर शिक्का बसला असता. ग्रेडिंग, म्हणजे काम पायरीपायरीने सोपं-अवघड करणं, हे हाताच्या ताकदीपुरतं नसतं. किती सोपं केलं की यश फुकटचं वाटेल आणि किती अवघड केलं की अपयश खरं वाटेल, याच्या मधली जागा शोधायची असते. ती शोधायला मानसशास्त्र लागतं. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच संपतं.

नैराश्यातली दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे ठरवून कृती वाढवत नेणं. यामागचा विचार १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन यांनी मांडला. सुखाचे, समाधानाचे प्रसंग आटले की माणूस आणखी मागे सरतो, मागे सरला की ते आणखी आटतात. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी कॉग्निटिव्ह थेरपीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसता कृतीचा भागही पूर्ण थेरपीच्या तोडीस तोड निघाला. आपल्या जवळचं उदाहरण गोव्यातलं. 'सांगात' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी हीच पद्धत सहा ते आठ सत्रांत बसवली, आणि ती दिली मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी. २०१७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे दिलेल्यांची सुधारणा जास्त होती.

तुझ्या बॅचचं कोणीतरी लगेच म्हणेल, पदवीशिवाय जमतंय तर आपली गरज काय? मला हा प्रश्न आवडतो. माझं उत्तर अंघोळीचं आहे.

चोविशीतला एक मुलगा. आठवड्याच्या वेळापत्रकात रोज सकाळी ९ ला 'अंघोळ' लिहिलेलं, स्वतःच्याच अक्षरात, आणि सलग पाच दिवस फुली. घरचे म्हणाले आळस, इंटर्न म्हणाला मोटिव्हेशन कमी. मी त्याला म्हटलं, अंघोळ मला तोंडी करून दाखव, एकेक पायरी. गीझर लावायचा, बादली भरायची, टॉवेल घ्यायचा, कपडे काढायचे... इथवर भराभर आला. मग "घालायचे कपडे घ्यायचे" इथे थांबला. कपाट उघडलं की कॉलेजचे शर्ट दिसतात. आजारपणात वजन वाढलेलं, त्यातला एकही बसत नाही. रोज सकाळी नऊ वाजता तो अंघोळीला नाही, त्या कपाटाला टाळत होता. आम्ही दोन सैल टी-शर्ट आदल्या रात्री बाथरूमच्या दारामागच्या खुंटीवर टांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली. तिसऱ्या दिवशी नाही झाली, चौथ्या दिवशी झाली.

'कृती वाढवा' हे तत्त्व मानसशास्त्राने दिलं. ती कृती कुठल्या पायरीवर अडते हे बघायची नजर आपल्या ॲक्टिव्हिटी ॲनालिसिसची. दोन्ही एकत्र लागतात. आणि नोंदीसाठी छापील फॉर्म देऊ नकोस, बहुतेक घरांत ते उशीखाली राहतात. मी भिंतीवरचं 'कालनिर्णय' वापरायला सांगते. आपल्या बायका वर्षानुवर्षं त्या चौकोनात दुधाचा, इस्त्रीचा हिशोब लिहितात. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात आज काय केलं याचं एक अक्षर आणि त्यानंतर कसं वाटलं याचा दहापैकी आकडा. 'फि ४' म्हणजे फिरायला गेले, चार. कोणी पाहुणा आला तरी त्याला कळत नाही, आणि महिना उलटला की पान बाईंच्या समोरच असतं.

स्किझोफ्रेनियात गोष्ट वेगळी होते. तिथे पेशंट दिवसभर पडून असतो, कानात येणारे भासाचे आवाज कमी झालेले असतात, गोळ्या लागू पडलेल्या असतात आणि तरी काही घडत नाही. २००९ मध्ये पॉल ग्रँट आणि बेक यांनी दाखवलं की 'करून उपयोग नाही, मला अपयशच येणार' अशा पराभूत समजुतींचा या निष्क्रियतेशी आणि रोजच्या कामकाजाशी संबंध असतो. मला या अभ्यासाने दिलासा दिला, कारण त्याआधी बरीच वर्षं मीही अशा पेशंटना मनातल्या मनात 'कोरडे' समजत होते. ते कोरडे नसतात. हरण्याचा हिशोब त्यांनी सुरुवातीलाच मांडलेला असतो.

इथे घरच्यांकडे बघावंच लागतं. जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये लंडनमध्ये दाखवलं की घरात टीका, राग किंवा अति गुंतणं जास्त असेल, तर पेशंट पुन्हा आजारी पडण्याची शक्यता वाढते. पुढे चंदीगडला असाच अभ्यास झाला, तिथे अशा तणावाच्या घरांचं प्रमाण लंडनपेक्षा कमी निघालं. म्हणून आपल्याकडची घरं आपोआप चांगली असं समजू नकोस. आपल्याकडे 'अति गुंतणं' फार प्रेमळ कपडे घालून येतं. एकोणतीस वर्षांच्या मुलाच्या ब्रशवर आई रोज पेस्ट लावून ठेवायची. मुलगा ब्रश करायचा, आई म्हणायची, "बघा, माझ्यामुळे निदान तेवढं तरी करतो." आणि पाच मिनिटांनी तोच आवाज : "उठ आता, किती लोळशील, बापाचं वय बघ."

घरातल्या या टीका-राग-गुंतण्याला पुस्तकात एक्स्प्रेस्ड इमोशन म्हणतात, पण त्या आईला मी त्याचं व्याख्यान दिलं नाही. आधी हे सांगितलं की आजार तुमच्यामुळे झालेला नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगावंच लागतं. नाहीतर पुढचं सगळं तिला आरोपासारखं ऐकू येतं. मग तिला एक काम दिलं : पेस्टची ट्यूब ब्रशशेजारी ठेवायची, झाकण उघडून. बस्स. पहिले दोन दिवस मुलाने ब्रश केलाच नाही आणि आईने मला फोनवर रडून सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः पेस्ट लावली, जरा जास्तच, बेसिनभर सांडली. आईने ते पुसलं आणि काही बोलली नाही. मला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त कौतुक तिचं वाटलं.

आता वर्तनवादाचं. बक्षिसांचं. यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे, म्हणून सविस्तर सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. टिओडोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन यांची टोकन इकॉनॉमी वाचून मी भारावले होते. १९६० च्या दशकात इलिनॉयमधल्या एका मानसिक रुग्णालयात त्यांनी दाखवलं होतं की वर्षानुवर्षं पडून असलेले पेशंट टोकनच्या बदल्यात कामाला लागतात. मी ज्या रुग्णालयात होते तिथे प्लास्टिकचे रंगीत बिल्ले आणले. दात घासले की एक, गादी आवरली की एक, दहा बिल्ल्यांना बिस्किटांचा पुडा. आठवडाभरात वॉर्ड चकाचक. वरिष्ठ खूश.

वॉर्डात एक पन्नाशीचे गृहस्थ होते. कोणी न सांगता रोज पहाटे माठ भरून ठेवायचे. मी मोठ्या उत्साहाने त्यालाही बिल्ला लावला. तीन आठवड्यांनी बिस्किटांचे पैसे संपले आणि योजना बंद पडली. दुसऱ्या दिवशी माठ रिकामा. मी विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "आज बिल्ला नाही ना?" एका माणसाची स्वतःची म्हणून उरलेली एकच गोष्ट मी मजुरीत बदलली होती. बक्षिसाची सवय लावून ते काढून घेतलं की आवडीचं कामही फिकं पडू शकतं, हे मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या चित्रं काढणाऱ्या मुलांवर दाखवलं होतं. ते मी नंतर वाचलं. माठ पुन्हा भरला जायला चार महिने लागले, आणि त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. उन्हाळा आला.

बक्षीस वाईट असतं असं नाही. नवं, नकोसं, सवय नसलेलं वर्तन सुरू करून द्यायला ते चालतं. आधीच आतून येणाऱ्या गोष्टीला ते लावू नये. आणि आता कायदाही आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २० प्रमाणे रुग्णालयात कोणाला सक्तीने काम करायला लावता येत नाही, आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो. तुमच्या वॉर्डातली पाकिटं कोणासाठी चिकटवली जातात, हे एकदा जरूर विचार.

सायकोडायनॅमिक, म्हणजे मनात नकळत चालणाऱ्या गोष्टी बघणाऱ्या, बाजूबद्दल थोडक्यात. फिडलर दांपत्याने १९६३ मध्ये कृती ही संवादासारखी वाचता येते असं मांडलं, आणि कोलाज, माती, चित्रं यांकडेही तसंच बघितलं जाऊ लागलं. मी त्यातला अर्थ लावण्याचा भाग सोडून दिला आहे. लाल रंग म्हणजे राग, काळं घर म्हणजे आई, असलं ज्योतिष सांगणाऱ्यांपासून लांब राहा. पण एक गोष्ट घेतली : माणूस स्वतःच्या केलेल्या वस्तूशी कसा वागतो ते बघायचं. एक मुलगी दर वेळी मातीचा दिवा पूर्ण करायची आणि मला दाखवण्याआधी अंगठ्याने दाबून टाकायची. त्याचा अर्थ मी तिला सांगितला नाही. "आज दाबायच्या आधी मला बघू दे," एवढंच म्हटलं. मंडला रंगवायची पुस्तकं सरसकट वाटणाऱ्यांना मात्र मी विचारते, हे याच पेशंटला का? उत्तर बहुधा येत नाही.

व्यसनाच्या पेशंटमध्ये आपलं काम फारसं कोणी लक्षात घेत नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेलं मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग शीक. उपदेश न करता माणसाच्या तोंडून त्याचीच कारणं काढायची कला आहे ती, आणि वॉर्डात भजनापेक्षा जास्त उपयोगी पडते. पण 'सोडायची आहे' असं पेशंट म्हणाला की काम संपत नाही. एक रिक्षावाले मला म्हणाले, "मॅडम, दारू सोडली, पण संध्याकाळी साडेसहा ते नऊ मी कुठे जाऊ?" गुत्त्यावर त्यांचे दोस्त होते, बसायची ठरलेली जागा होती, हसणं होतं. पिणं हा त्यांचा व्यवसायच होता, आपल्या अर्थाने. ते अडीच तास भरायला तीन महिने लागले. शेवटी रात्रीची शिफ्ट बदलून संध्याकाळची घेतली आणि रविवारी मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये बसायला लागले.

'हे मानसशास्त्र उसनं आहे' असा सूर तुझ्या प्रश्नात आहे, त्याबद्दल एक सांगते. आपला पेशा जन्मला तोच मानसोपचारात. ॲडॉल्फ मायर हे मनोविकारतज्ज्ञ. मानसिक आजाराकडे जगण्याची, वेळ वापरण्याची घडी विस्कटणं म्हणून बघावं, असं त्यांनी १९२२ मध्ये छापून आलेल्या निबंधात लिहिलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एलिनॉर क्लार्क स्लेगल यांनी दिवसाची घडी पुन्हा बसवण्याचं सवय-प्रशिक्षण उभं केलं. आपल्याकडे १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात पहिली शाळा सुरू केली. पुढे आपली गर्दी मुलांकडे आणि हाताच्या पुनर्वसनाकडे गेली आणि सायकियाट्री पोस्टिंग हे 'उरकून टाकायचं' झालं, हा भाग वेगळा. त्यामुळे शेजाऱ्याकडून साखर मागून आणल्यासारखं वाटून घेऊ नकोस.

पण हद्द असते. आघाताच्या आठवणी उकरणं, ओसीडीमध्ये (मंत्रचळात) स्वतःच्या बळावर एक्स्पोजर, म्हणजे भीतीच्या गोष्टीला मुद्दाम सामोरं नेणं, सुरू करणं, व्यक्तिमत्त्व विकाराच्या पेशंटला दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) लावणं, हे करू नकोस. एखाद्या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण आणि सुपरव्हिजन घेतलंस तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची, 'असंच झालं पाहिजे' हे हट्टी विचार तपासणारी, विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठीतून शिकायची सोय झाली. माझी सुरुवात तिथूनच झाली. 'पोळी गोलच झाली पाहिजे' यातला 'च' मला आजही लाटण्याच्या आवाजाआधी ऐकू येतो. काम करता करता पेशंट मरणाबद्दल बोलला तर हातातली कात्री बाजूला ठेव, त्याच्याशी थेट आणि शांतपणे बोल, एकटं सोडू नकोस आणि त्याच क्षणी डॉक्टरांना कळव. ते 'ओटी सेशनमधलं गुपित' नाही. घरी जाणाऱ्यांना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून दे.

सायकॉलॉजिस्टशी स्पर्धा करू नकोस, त्यांना माल पुरव. त्या चहाच्या बाईंचं कार्ड मी सायकॉलॉजिस्टना दिलं होतं. पुढच्या सत्रात त्यांनी 'तुम्ही शेजारी होतात म्हणून' इथूनच सुरुवात केली. नोट लिहिताना 'पेशंटने ॲक्टिव्हिटीत सहभाग घेतला' असं लिहू नकोस, त्यातून कोणालाच काही कळत नाही. काय करायला दिलं, आधी काय म्हणाला, कुठे थांबला, नंतर काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत, चार ओळी.

राहिली तुझी पाकिटं. ती बंद करायचा अधिकार इंटर्नला नसतो, मला माहीत आहे. सोमवारी टेबलावर बसशील तेव्हा एकच पेशंट निवड. डिंकाची वाटी त्याच्यापुढे सरकवण्याआधी विचार, "अर्ध्या तासात किती होतील असं वाटतं?" जो आकडा सांगेल तो पहिल्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिही. अर्ध्या तासाने मोजायचं काम त्याला दे, तू मोजू नकोस. आकडे जुळले नाहीत तर "असं का झालं असेल?" एवढं विचार आणि गप्प बस.